गाडीचीही हिशेबपट्टी हवी

नवी गाडी दारात उभी राहिली, हार घालून झाला, लिंबू-मिरची बांधून झाली, की शेजारपाजारचे आणि भाऊबंद एकच प्रश्न विचारतात: ‘किती सोडले?’ वीस हजार सोडले, वर मॅट आणि सीट कव्हर टाकून दिले, असं सांगताना घेणाऱ्याच्या चेहऱ्यावर समाधान असतं. ऐकणाराही तो आकडा लक्षात ठेवतो, पुढे आपल्याला लागेल म्हणून. जळगाव-धुळ्याकडे गाडीची खरेदी ही अशी घासाघिशीची परीक्षा होऊन बसली आहे. बोलणारा पक्का असेल तर पास, भिडस्त असेल तर नापास. या एका प्रश्नाने गिऱ्हाइकाचं मोठं नुकसान केलं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘किती सोडले’ याच्या नादात ‘किती लावले’ हे विचारायचं राहून जातं. शोरूममधली सूट ही बहुतेक वेळा कंपनीने आधीच ठरवलेली असते. डीलरच्या हातात खरोखर असतात त्या कोटेशनच्या खालच्या ओळी, आणि गिऱ्हाइकाचे पैसे जातात तेही तिथेच. म्हणून भांडायचं असेल तर कागदासाठी भांडावं. बुकिंगचा एक रुपया घेण्याआधी ऑन-रोड किमतीचा कलमवार, सहीशिक्क्याचा हिशेब देणं डीलरला बंधनकारक असलं पाहिजे.

तो कोटेशनचा कागद एकदा जवळून बघू. वर गाडीचं मॉडेल, रंग, मग एक्स-शोरूम किंमत. त्याखाली ‘आरटीओ’, त्याखाली ‘इन्शुरन्स’, मग फास्टॅग, वाढीव वॉरंटी, ‘अ‍ॅक्सेसरीज किट’, आणि शेवटी कधी ‘हँडलिंग’, कधी ‘लॉजिस्टिक’ तर कधी ‘फॅसिलिटेशन’ असं काहीतरी. खाली गोल रक्कम, आणि तिच्यातून पेनाने वजा केलेली सूट. आता यातल्या कोणत्या ओळी सरकारने ठरवलेल्या आहेत ते पाहा. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरच्या पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, दहा ते वीस लाखांना १२ आणि त्यावर १३ टक्के वाहन कर आहे. डिझेलला तोच १३, १४ आणि १५ टक्के. म्हणजे आठ लाखांच्या पेट्रोल गाडीचा कर ८८ हजारांच्या आसपास येतो. केंद्राच्या नियमांनुसार मोटारीचं नोंदणी शुल्क ६०० रुपये आहे आणि कर्जाचा बोजा चढवण्याचं १,५०० रुपये. स्मार्ट कार्ड आणि किरकोळ उपकर धरूनही वरचा खर्च काही हजारांच्या आतच राहतो. मग ‘आरटीओ’ या एका शब्दासमोर कराच्या वर दहा-बारा हजार जास्त दिसत असतील, तर ते कुठले, हा प्रश्न साधा आहे. १ एप्रिल २०१९ नंतर बनलेल्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट कंपनीनेच द्यायची आहे आणि तिची किंमत गाडीच्या किमतीत धरलेली आहे, तेव्हा प्लेटचे वेगळे पैसे लागत नाहीत. कारखान्यातून शोरूमपर्यंत गाडी आणण्याचा खर्चही एक्स-शोरूम किमतीत आलेला असतो. मग ‘लॉजिस्टिक’ कशाचं? २०१९ च्या दुरुस्तीनंतर अधिकृत डीलरने विकलेली नवी गाडी पासिंगसाठी आरटीओच्या मैदानात उभी करावी लागत नाही, नोंदणीचा अर्ज डीलरनेच करायचा असतो. जे काम कायद्याने त्याच्यावर टाकलं आहे, त्याची मजुरी गिऱ्हाइकाकडून वेगळी का घ्यायची?

विम्याची ओळ याहून गुंतागुंतीची आहे. तिच्यात दोन वेगवेगळ्या वस्तू एका नावाखाली बांधलेल्या असतात. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. त्याचा दर सरकार ठरवतं. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात १००० ते १५०० सीसीच्या गाडीला हा तीन वर्षांचा हप्ता १०,६४० रुपये आणि वर जीएसटी असा आहे. यात कोणत्याही कंपनीला एक रुपया कमी-जास्त करता येत नाही. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा जो विमा असतो, त्याचे दर २००७ पासून मोकळे आहेत. त्याच गाडीला, त्याच विमा रकमेला, दोन कंपन्यांच्या हप्त्यात हजारो रुपयांचा फरक पडू शकतो. विमा नियामकाने २०१७ साली डीलरांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. आमच्याकडूनच विमा घ्या, अशी सक्ती डीलरला करता येत नाही, हे त्यात स्वच्छ सांगितलं आहे. तरीही ‘विमा बाहेरून घेतला तर सूट मिळणार नाही’ हे वाक्य काउंटरवर सर्रास ऐकू येतं. म्हणजे वरून सोडलेले पंधरा हजार खालून वसूल करायची वाट त्याच कागदात आखलेली असते. जुनी गाडी देऊन नवी घेणाऱ्याचंही हेच होतं. ‘एक्स्चेंज बोनस’ पंचवीस हजार लिहिला जातो आणि जुन्या गाडीची किंमत बाजारापेक्षा तेवढ्याने खाली धरली जाते.

आता सूट कोण ठरवतं ते पाहू. भारतीय स्पर्धा आयोगाने २३ ऑगस्ट २०२१ रोजी मारुती सुझुकीला २०० कोटींचा दंड लावला. त्या प्रकरणाची सुरुवात आपल्याच भागातून झाली, ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. २०१७ साली आयोगाकडे एक निनावी ई-मेल आला. कंपनीच्या ‘वेस्ट-२’ या विभागातल्या, म्हणजे मुंबई वगळता उरलेल्या महाराष्ट्राच्या विभागातल्या एका डीलरने तो पाठवला असावा असं त्यावरून दिसत होतं. कंपनीने जाहीर केलेल्या सवलतीपेक्षा जास्त सूट दिली तर डीलरला दंड होतो, ही त्यातली तक्रार होती. चौकशीत आयोगाला दिसलं ते असं: कंपनीने खासगी एजन्सी नेमल्या होत्या. त्यांची माणसं गिऱ्हाईक बनून शोरूममध्ये जायची, भाव काढायची, जादा सूट कबूल झाली तर त्याचा पुरावा कंपनीकडे पोचायचा. मग डीलरकडे खुलासा मागितला जायचा आणि दंड व्हायचा. हा दंड डीलरशिपपुरता नव्हता, तो सेल्समन, टीम लीडर आणि शोरूम मॅनेजरपर्यंत जायचा. कंपनीला हा आदेश मान्य नाही, ती अपिलात गेली, हेही इथे नोंदवायला हवं. याआधी २०१७ मध्ये ह्युंदाईला याच स्वरूपाच्या आरोपाखाली ८७ कोटींचा दंड झाला होता आणि अपील न्यायाधिकरणाने २०१८ मध्ये तो रद्द केला होता. कायद्याचा निकाल काय लागायचा तो लागो. पण आयोगाने आदेशात जे वर्णन केलं, त्यातून धंद्याची रचना समोर येते. समोर बसलेला सेल्समन ‘भाऊ, माझ्या हातात एवढंच आहे’ म्हणतो, तेव्हा एक्स-शोरूम किमतीपुरतं तो खरं बोलत असण्याची शक्यता बरीच आहे. आयोगाच्या आदेशातली व्यवस्था मुख्यतः एकाच कंपनीचे अनेक डीलर असलेल्या शहरांतली होती. जळगाव-धुळ्यासारख्या ठिकाणी अनेक कंपन्यांचा जिल्ह्यात एकच डीलर असतो. त्याला सूट देण्यापासून रोखायला कुणाची गरजच पडत नाही, कारण शेजारी दुसरा कुणी नाही. अशा ठिकाणी घासाघिशीच्या जोरावर गिऱ्हाईक जिंकेल, ही समजूत फार भाबडी आहे.

घासाघिशीत सगळेच सारखे हरत नाहीत, आणि माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. अमेरिकेत इयन एअर्स या कायद्याच्या प्राध्यापकाने शिकागोच्या शोरूममध्ये सारखे कपडे घातलेली, सारखीच वाक्यं पाठ करून आलेली माणसं पाठवली. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं की त्याच गाडीचा भाव गोऱ्या पुरुषांना सगळ्यात कमी सांगितला गेला आणि बायकांना व कृष्णवर्णीयांना जास्त. पुढे तीनशेहून अधिक सौद्यांवर केलेल्या कामातूनही हेच निघालं. बोलण्यात फरक नव्हता, समोर कोण बसलंय यावरून भाव ठरत होता. आपल्याकडे वर्णाची जागा दुसऱ्या गोष्टी घेतात: पेहराव, भाषा, सोबत कोण आलंय, गाडी रोखीने की हप्त्याने. शहरात दुसरी-तिसरी गाडी घेणारा व्यापारी आणि साक्री किंवा पारोळ्याहून आयुष्यातली पहिली गाडी घ्यायला आलेली शिक्षिका, यांच्यासमोर एकच कागद ठेवला जाईल असं कोणी छातीठोकपणे सांगू शकेल का? त्यात शेतकऱ्याचं आणखी एक नुकसान आहे. दहा लाखांवरच्या गाडीला डीलर एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा होणारा आयकर, गिऱ्हाइकाकडून घेऊन सरकारात भरतो. तो खर्च नाही, विवरणपत्र भरलं की तो करात वळता होतो किंवा परत मिळतो. पण रावेर-यावलचा केळी उत्पादक, ज्याचं उत्पन्न शेतीचं म्हणून करमुक्त आहे आणि जो विवरणपत्र भरतच नाही, त्याला हे कोण सांगणार? बारा लाखांच्या गाडीवर त्याचे बारा हजार कागदावर एका ओळीत नीट लिहिलेले असतील तरच तो ते मागायला जाईल.

खरं तर कलमवार हिशेबाची सवय खानदेशाला नवी नाही. शेतकरी बाजार समितीत माल घालतो तेव्हा त्याच्या हातात हिशेबपट्टी येते. वजन किती, भाव काय, हमाली किती, तोलाई किती. त्या पट्टीवरून भांडणं होतात, कपाशीच्या खेडा खरेदीत कट्टीवरून तर दर हंगामात होतात, पण कशावरून भांडायचं ते निदान कळतं. फळं-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याच्या पट्टीतून कापायची नाही, ती खरेदीदाराने द्यायची, हा निर्णय राज्याने २०१६ मध्ये घेतला. तो घेता आला, कारण आडत ही पट्टीवरची वेगळी, दिसणारी ओळ होती. लपलेली असती तर कोणत्या आधारावर काढायला लावली असती? जळगावचा सराफ बाजार घ्या. इथे सोन्याच्या भावावर कोणी घासाघीस करत नाही. दिवसाचा भाव सकाळी सगळ्यांना माहीत असतो. बोलणी होतात ती घडणावळीवर. जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला, एप्रिल २०२३ पासून दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक आला. बिलावर वजन, शुद्धता आणि हॉलमार्कचं शुल्क वेगळं लिहावं लागतं. पन्नास हजारांच्या अंगठीला हा हिशेब मिळतो. घराचंही असंच झालं. रेरा आल्यापासून बिल्डरला चटई क्षेत्रफळावर भाव सांगावा लागतो. आणि गाडीसाठी जे कर्ज घेतो, त्यालाही १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने तथ्यपत्रक सक्तीचं केलं आहे. व्याज, प्रक्रिया शुल्क, विमा, सगळं मिळून वर्षाचा खरा दर किती पडतो, हे बँकेने कर्जदाराला सहीआधी लेखी द्यायचं. म्हणजे गाडीच्या कर्जाचा प्रत्येक रुपया कागदावर, आणि गाडीचा मात्र तोंडी! अमेरिकेत १९५८ पासून प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर किमतीचं पत्रक चिकटवावं लागतं. आपल्याकडे पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर कमाल किंमत छापलेली असते, आठ लाखांच्या गाडीवर नसते.

डीलरांची बाजूही ऐकून घ्यायला हवी. गाडीच्या विक्रीवर डीलरला मिळणारं मार्जिन भारतात इतर देशांच्या मानाने कमी आहे, हे त्यांची देशव्यापी संघटना ‘फाडा’ कितीतरी वर्षं सांगते आहे. महामार्गाला लागून मोठी जागा, माणसं, स्टॉकमध्ये अडकलेला पैसा आणि त्यावरचं व्याज, सणाआधी गाडी हजर ठेवण्याचं ओझं, हे सगळं खरं आहे. विमा, कर्ज आणि अ‍ॅक्सेसरीज यांच्यावरच शोरूम चालतं, असं म्हटलं तर मी ते खोटं म्हणणार नाही. पण या अडचणीवरचा उपाय डीलरने कंपनीकडे मागायचा की गिऱ्हाइकाच्या कागदात लपवायचा? मार्जिन कमी पडत असेल तर ते वाढवून मागण्यात गिऱ्हाईकही डीलरच्या बाजूने उभा राहील. हिशेब उघडा झाला तर प्रामाणिक डीलरचा फायदाच आहे. आज जो ‘हँडलिंग’ लावत नाही, त्याची किंमत दुसऱ्याच्या फसव्या सुटीपुढे उगाच जास्त दिसते.

दुसरा आक्षेप असा की घासाघीस हा आपल्या बाजाराचा स्वभाव आहे, आणि एकच भाव झाला तर ज्याला बोलता येतं त्याचा तोटा होईल. या आक्षेपात तथ्य आहे, पण तो माझ्या मागणीला लागू पडत नाही. सगळीकडे एकच भाव करा असं मी म्हणत नाही. मर्सिडीजने ऑक्टोबर २०२१ पासून भारतभर एकच किंमत ठेवून थेट विक्री सुरू केली, पण त्या वर्गाचं गणित वेगळं आहे. मारुती किंवा टाटाच्या छोट्या गाडीला एकच भाव लादला तर जिथे स्पर्धा आहे तिथली सूटही जाईल. मला हवी आहे ती घासाघिशीसाठी सपाट जमीन. बोली लावायची ती कोणत्या ओळीवर, हे दोघांनाही दिसलं पाहिजे. आणि बोलण्याच्या जोरावर मिळणाऱ्या सुटीचं कौतुक करताना सप्टेंबर २०२५ आठवून पाहावा. २२ तारखेला छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी आणि सेस मिळून २९ टक्क्यांवरून १८ वर आला. एक्स-शोरूम किमतीत सुमारे साडेआठ टक्के, म्हणजे आठ लाखांच्या गाडीमागे अडुसष्ट हजारांच्या घरात फरक पडला. तो मुक्ताईनगरच्या शेतकऱ्याला मिळाला आणि मुंबईच्या वकिलालाही, कारण दर जाहीर होता. इतकी मोठी सूट शोरूमच्या खुर्चीत बसून कोणी मिळवलेली माझ्या तरी ऐकण्यात नाही.

काही जण म्हणतील, आता सगळं मोबाइलवर दिसतं, नाही पटलं तर नाशिक, संभाजीनगर गाठावं. मोबाइलवर एक्स-शोरूम किंमत दिसते, शेवटच्या चार ओळी दिसत नाहीत. बाहेरून गाडी आणून एमएच-१९ किंवा एमएच-१८ वर पासिंग करता येतं, ते बेकायदा नाही. पण दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर जाऊन भाव काढायची फुरसत आणि हिंमत ज्याच्याकडे आहे, त्याला या लेखाची गरज तशी कमीच. राहतो तो खरा अडसर: ‘सर्व्हिसिंग तर इथेच करायचंय, त्याला कशाला दुखवायचं?’ ही भिडेची गोष्ट खानदेशात फार खोल आहे. तिच्यापोटी लोक न पटलेली ओळही मुकाट्याने भरतात. वॉरंटी कंपनीची असते, डीलरची नाही, आणि ती देशातल्या कोणत्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये चालते, हे लोकांना कळलं तर ही भीड बरीच कमी होईल.

यासाठी दिल्लीच्या नव्या कायद्याची वाट पाहत बसायला नको. डीलरला नोंदणीपूर्वी गाडी रस्त्यावर काढायला परिवहन कार्यालयाचं व्यवसाय प्रमाणपत्र लागतं. ते देताना आणि नूतनीकरण करताना शोरूमच्या दर्शनी भागात शासकीय आकारांचा मराठी फलक असलाच पाहिजे, हे पाहायला जळगाव आणि धुळ्याच्या कार्यालयांनी सुरुवात केली तर त्यासाठी तिजोरीतून फारसं काही जाणार नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली ग्राहक संरक्षण परिषद ठेवली आहे. तिच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यायला काय हरकत आहे? १९७४ पासून काम करणाऱ्या ग्राहक पंचायतीने आपल्या सभासदांकडून आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठवड्यातली कोटेशनं गोळा करून एकाच मॉडेलच्या ‘आरटीओ’ आणि ‘इन्शुरन्स’च्या ओळी शेजारी शेजारी मांडल्या, तर दोन जिल्ह्यांत काय चाललंय ते एका पानात दिसेल. ज्याचे पैसे गेलेच आहेत, त्याला १९१५ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार आता गिऱ्हाईक राहतो त्या जिल्ह्यात करता येते, डीलर नाशिकचा असला तरी. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही लागत नाही. मात्र आयोगासमोर लागतो तो कागद, आणि तो मागायची वेळ बुकिंगच्या आधीची आहे. ‘आरटीओ’समोर कराचा आकडा वेगळा लिहून द्या, थर्ड पार्टी आणि नुकसानीचा विमा वेगवेगळा दाखवा, ‘हँडलिंग’ कोणत्या नियमाने लावलं ते त्याच ओळीत लिहा, चासी नंबरवरून गाडी कोणत्या महिन्यात बनली ते सांगा, आणि खाली सही-शिक्का करा. गाडी मिळाल्यावर परिवहन विभागाच्या ‘वाहन’ प्रणालीतून निघालेली कराची पावती मागून घ्यायची आणि ती त्या कोटेशनला टाचून ठेवायची.